टाच आधी की चवडा?

लॉस एंजेलिसच्या 1984 च्या ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्स हे अमेरिकन प्रशिक्षक आणि त्यांची पत्नी धावपटूंची पावलं मोजत बसले होते. पदक कुणाला मिळतंय ते सगळं जग बघतच होतं. या दोघांचं लक्ष होतं ते पाय मिनिटाला किती वेळा जमिनीवर पडतो याकडे. मध्यम आणि लांब पल्ल्याच्या 46 धावपटूंची मोजदाद झाली. एक सोडून बाकी सगळे मिनिटाला 180 किंवा त्याहून जास्त पावलं टाकत होते. उरलेल्या एकाची 176 भरली.

त्या मोजणीला चाळीस वर्षं उलटून गेली, पण 180 हा आकडा काही केल्या धावणाऱ्यांची पाठ सोडत नाही. पहाटे साडेपाचला शिवाजी पार्कला, पुण्याच्या रेसकोर्सवर किंवा नागपूरच्या अंबाझरी तलावाकाठी गेलात, तर कानात मिनिटाला 180 ठोके देणारं ॲप लावून त्या तालावर धापा टाकणारी चार-दोन मंडळी हमखास भेटतील. मनगटावरचं घड्याळ 162 दाखवतं म्हणून हिरमुसलेली त्याहून जास्त. डॅनियल्स यांनी मोजले होते जगातले निवडक धावपटू, आणि तेही ऑलिंपिकच्या शर्यतीत. दिवसभर ऑफिसात बसणारा बेचाळिशीचा माणूस किलोमीटरला साडेसात मिनिटं घेत चालला असेल, तर त्याला तो आकडा लागू व्हावाच कसा? बरं, निवडकांमध्येही एकमत नाहीच. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 च्या 100 किलोमीटर जागतिक स्पर्धेतल्या आघाडीच्या धावपटूंची पावलं तपासली, तेव्हा सरासरी 182 आली खरी. पण एक जण 155 वर होता आणि एक 203 वर. दोघंही जगातल्या सर्वोत्तमांपैकी.

तरीही पावलांच्या मोजणीत तथ्य आहे. मात्र ते कळायला आधी पायावर काय गुदरतं ते पाहायला हवं.

चालताना एक पाय तरी जमिनीवर असतो. धावताना क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात आणि मग सगळा देह एका पायावर उतरतो. त्या वेळी जमीन पायाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोराने उलट रेटते. मिनिटाला 160 पावलांनी अडीच तासांत अर्धमॅरेथॉन पुरी करणाऱ्याची एकूण 24 हजार पावलं पडतात, म्हणजे एकेका पायावर 12 हजार वेळा हा भार येतो. हाडं, स्नायू, कंडरा हे सोसायलाच घडलेली आहेत. मध्ये विश्रांती मिळाली तर त्याने ती बळकटही होतात. तक्रार सुरू होते ती एकाच जागेवर, झेपेल त्याहून जास्त आणि पुन्हापुन्हा भार आला की. गुडघ्याच्या वाटीमागचा ठणका, नडगीच्या आतल्या कडेचं दुखणं, सकाळी पलंगावरून उतरताना टाचेत निघणारी कळ, मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारी ओढ, घोट्यामागची धरलेली कंडरा. रनिंग ग्रुपमध्ये दोन वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, ही यादी त्याला पाठ असते. यातलं जवळपास काहीच पडून-धडपडून होत नाही. हळूहळू साठत जातं.

मग पाय टेकवायचा तरी कसा, टाच आधी की चवडा? या प्रश्नावरून गेल्या पंधरा-सोळा वर्षांत धावणाऱ्यांच्या जगात जेवढी हमरीतुमरी झाली, तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावरून झाली असेल. ठिणगी पडली 2009 मध्ये. ख्रिस्तोफर मॅकडूगल या अमेरिकन पत्रकाराचं ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक आलं. मेक्सिकोच्या कॉपर कॅन्यन भागात राहणारे ताराहुमारा लोक पातळ चपला घालून मैलोन्‌मैल धावतात, याची ती हकीकत. पाठोपाठ 2010 मध्ये हार्वर्डचे डॅनियल लिबरमन यांचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये छापून आला. जन्मभर अनवाणी धावलेले केनियातले धावपटू बहुधा चवड्यावर किंवा तळव्याच्या मधल्या भागावर उतरतात, आणि बूट घालून टाचेवर उतरणाऱ्यांच्या पायाला पहिल्या क्षणी जो तडाखा बसतो तो त्यांना बसत नाही, असं त्यात दिसलं होतं. झालं! जाड तळाचे बूट हाच सगळ्या दुखण्यांचा बाप, असा बोभाटा झाला. पायाच्या बोटांसाठी वेगळे खण असलेले, हातमोज्यांसारखे दिसणारे व्हायब्रम कंपनीचे बूट धडाधड खपले.

उतार पडायलाही वेळ लागला नाही. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात 36 धावपटूंवर दहा आठवडे प्रयोग झाला. निम्म्यांनी नेहमीचे बूट वापरले, निम्म्यांनी हळूहळू बोटांचे बूट वापरायला सुरुवात केली. नंतर एमआरआय काढले तेव्हा दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून जास्त जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली सापडली. 2014 मध्ये व्हायब्रमने, आपल्या जाहिरातीतल्या आरोग्याच्या दाव्यांविरुद्ध ग्राहकांनी लावलेला खटला, चूक कबूल न करता 37 लाख 50 हजार डॉलर मोजून मिटवला. दरम्यान केनियातूनच दुसरी बातमी आली होती. उत्तरेकडचे दासानाच लोकही आयुष्यभर अनवाणीच; पण आपल्या सोयीच्या वेगात धावताना त्यांच्यातले बहुतेक जण टाचेवरच उतरत होते. आणि जपानमधल्या साप्पोरो अर्धमॅरेथॉनमध्ये 15 किलोमीटरच्या खुणेपाशी कॅमेरे लावून आघाडीच्या धावपटूंचे पाय टिपले होते, त्यात सुमारे 75 टक्के टाचेवर उतरणारे होते. चवड्यावर उतरणारे शंभरात दोनही नव्हते.

आपल्याकडे अनवाणी धावण्याचं नाव निघालं की मिलिंद सोमण आठवतात. 2017 मध्ये, वयाच्या 51 व्या वर्षी, फ्लोरिडातल्या ‘अल्ट्रामॅन’ स्पर्धेच्या शेवटच्या दिवसाचे 84 किलोमीटर ते अनवाणी धावले. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत सुरुवातीला अनवाणीच धावायची. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10 हजार मीटरचं कांस्यपदक तिने मिळवलं. पण या उदाहरणांवरून शेजारच्या सोसायटीतल्या काकांनी उद्यापासून चपला फेकाव्यात असं काही निघत नाही. कविताचे पाय लहानपणापासून डोंगरवाटांवर तयार झाले. काकांचे पाय चाळीस वर्षं बुटात होते. तळव्यातले छोटे स्नायू, पोटरी आणि घोट्यामागची कंडरा यांना तेवढी ताकद यायला महिनेच्या महिने लागतात, आणि हौस तर आठवडाभरातच दहा किलोमीटर मागते.

खरी गोम टाच की चवडा यात नाहीच. ती आहे पाऊल शरीराच्या किती पुढे पडतं यात. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मोबाईल पुरतो. मित्राला गुडघ्याएवढ्या उंचीवर फोन धरून बाजूला उभं करायचं, समोरून आपल्या नेहमीच्या वेगात धावत जायचं आणि स्लो मोशनमध्ये चित्रण करायचं. मग पाय जमिनीला लागतो त्या क्षणावर चित्र थांबवायचं. अनेकांना इथे धक्का बसतो. गुडघा जवळजवळ ताठ, बुटाचा तळ समोरच्याला दिसेल इतका वर, टाच पुढे रोवलेली, आणि घोटा गुडघ्याच्या कितीतरी पुढे. म्हणजे प्रत्येक पावलाला माणूस स्वतःलाच ब्रेक लावतोय, आणि तो ब्रेक बसतो गुडघ्यात. ज्याची नडगी त्या क्षणी जवळपास उभी आहे, गुडघा थोडा वाकलेला आहे आणि पाय कमरेच्या फार पुढे नाही, त्याची आधी टाच लागते की तळवा, याने मोठासा फरक पडत नाही.

लांब ढांग आखूड कशी करायची? ‘पाय मागे ठेव’ असं स्वतःला बजावून जमत नाही, चालच बिघडते. इथे पावलांची मोजणी कामाला येते. वेग तोच ठेवून मिनिटाला पावलं थोडी वाढवली, की प्रत्येक पाऊल आपोआप आखूड होतं आणि अंगाखाली येतं. विस्कॉन्सिन विद्यापीठात ब्रायन हायडरशाइट यांच्या गटाने 2011 मध्ये हेच तपासलं. धावणाऱ्यांच्या मिनिटाच्या पावलांची जी मूळ संख्या असेल तीत फक्त 5 टक्के वाढ केली तरी गुडघ्याला झेलावा लागणारा भार कमी झाला. 10 टक्के वाढीला खुब्यालाही आराम मिळाला. त्याच विद्यापीठातल्या पुढच्या अभ्यासात 10 टक्के वाढीने वाटीमागच्या सांध्यावरचा कमाल भार 14 टक्क्यांनी उतरला. हिशोब आपापल्या मूळ आकड्यावरून करायचा. 160 वाल्याने 168 वर जावं. 180 च्या मागे लागलात तर पहिल्याच दिवशी 12 टक्क्यांहून मोठी उडी होते, आणि पोटऱ्या दुसऱ्या दिवशी जिना उतरू देत नाहीत.

दुखापती खरोखर टळतात का, याचं आजवरचं बहुधा सगळ्यात ठोस उत्तर हाँगकाँगहून आलं. तिथल्या संशोधकांनी 320 नवख्या धावणाऱ्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एका गटाला दोन आठवड्यांत आठ वेळा ट्रेडमिलवर धावायला लावलं. समोरच्या पडद्यावर प्रत्येक पावलाचा तडाखा उमटत होता आणि सूचना एवढीच होती: पाऊल हलकं पडू द्या. दुसऱ्या गटानेही तितकंच धावायचं, पण पडद्यावर काही नाही. मग वर्षभर दोन्ही गटांच्या दुखापतींची नोंद ठेवली. शिकवलेल्या गटात 16 टक्क्यांना दुखापत झाली, न शिकवलेल्या गटात 38 टक्क्यांना.

हा निकाल 2018 मध्ये प्रसिद्ध झाला आणि धावण्याची ढब सुधारण्याचे वर्ग घेणाऱ्यांनी तो जगभर मिरवला. त्यातली दुसरी ओळ मात्र फारशी कुणी सांगत नाही. शिकवलेल्या गटात गुडघ्याची आणि तळव्याची दुखणी कमी झाली, पण पोटरीची आणि घोट्यामागच्या कंडरेची वाढली. ढब बदलल्याने भार नाहीसा होत नाही. एका खांद्यावरची कावड दुसऱ्या खांद्यावर जाते. गुडघा वर्षानुवर्षं कुरकुरत असेल तर हा सौदा फायद्याचा आहे. ज्याची कंडरा आधीच धरलेली आहे त्याने चवड्यावर धावायला जाणं म्हणजे दुखणं विकत घेणं. म्हणूनच ‘योग्य ढब कोणती?’ या प्रश्नाला ‘तुमचं दुखतं कुठे?’ असा उलट प्रश्न विचारणारा फिजिओ भेटला तर त्याला सोडू नये.

पाऊल झालं, आता कंबर. मागून चित्रण केलं तर काही जणांचा एक पाय टेकला की दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकलेली दिसते, पँटचा पट्टा तिरका होतो. इंग्लंडच्या सॅलफर्ड विद्यापीठाने 72 दुखापतग्रस्त आणि 36 ठणठणीत धावणाऱ्यांची तुलना केली, तेव्हा सगळ्यात ठळक फरक निघाला तो हाच. झुकाव एक अंशाने वाढला की दुखापतग्रस्तांत असण्याची शक्यता सुमारे 80 टक्क्यांनी वाढत होती. अर्थात झुकाव आधी की दुखणं आधी, हे असल्या तुलनेतून सांगता येत नाही. पण खुब्याच्या आणि पोटाच्या स्नायूंचा व्यायाम वाया जात नाही हे दाखवणारा पुरावा वेगळा आहे. फिनलंडमध्ये नवख्या धावणाऱ्यांना 24 आठवडे असे व्यायाम करायला लावले, तर अतिवापराने होणाऱ्या पायाच्या दुखापतींचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी राहिलं. व्यायामाला जिमची गरज नाही. एका पायावर उभं राहून खुर्चीपर्यंत बसत उठणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, जिन्याच्या पायरीवर चवड्याने उभं राहून टाचा वरखाली करणं. कंटाळवाणे प्रकार आहेत, आणि म्हणूनच ‘रविवारचा लाँग रन’ न चुकवणारी मंडळी ते हटकून चुकवतात.

आणि हो, ढब सुरेख दिसलीच पाहिजे असं नाही. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक धावताना मान एका बाजूला टाकायचा, तोंड वेडंवाकडं करायचा, जणू आता कोसळणार. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने 5 हजार मीटर, 10 हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं नेली. ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफचं डोकं प्रत्येक पावलाला मागेपुढे डुलायचं. 2003 मध्ये लंडनला तिने 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांचा विक्रम केला आणि तो 2019 पर्यंत कुणाला मोडता आला नाही. इथिओपियाचा हैले गेब्रसेलासी डावा हात वेगळाच आखडून धरायचा, कारण लहानपणी त्याच हातात पुस्तकं धरून तो धावत शाळेला जायचा. वर्षानुवर्षं काही दुखत नसेल तर यूट्यूबवरचा एखादा व्हिडिओ पाहून हात-मान-पाय बदलायला जाऊ नये. दुखत नाही ते दुरुस्त करायच्या नादात बऱ्याच जणांनी दुखणी ओढवून घेतली आहेत.

घाटात धावण्याची गोष्ट मात्र थोडी वेगळी. 2012 पासून होणाऱ्या सातारा हिल अर्धमॅरेथॉनमध्ये धावणारे यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागतात आणि त्याच वाटेने उतरतात. नवख्यांना धास्ती असते चढाची. चढाला दम लागतो हे खरं, पण पाय आपसूक आखूड पडतात आणि तडाखाही कमी बसतो. पाय भरून येतात ते उतरताना. कोलोरॅडो विद्यापीठात 9 अंशांच्या उतारावर मोजलं, तेव्हा पाऊल पडतानाचा तडाखा सपाटीपेक्षा 54 टक्के आणि ब्रेकचा जोर 73 टक्के जास्त निघाला. घाटरस्ता इतका उभा नसतो, पण उतार किलोमीटरच्या किलोमीटर चालतो आणि तोवर मांड्या चढाने दमलेल्या असतात. दमलेला माणूस मागे रेलतो, ढांगा टाकतो, टाचा आपटत येतो. उताराला पावलं आखूड आणि भराभर, अंग मागे न टाकता, आणि कुणी पुढे गेला तर जाऊ द्यायचा. त्याआधी सरावात निदान चार-सहा वेळा लांब उतार पायाखालून गेलेला हवा. सपाट मैदानावर कितीही फेऱ्या मारल्या तरी मांड्यांना ही सवय होत नाही.

इतकं सगळं ढबीचं कौतुक झाल्यावर एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. बहुतेकांना अंथरूण धरायला लावते ती ढब नव्हे, हाव. आठवड्याला अंतर 10 टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा नियम सगळे सांगतात. नेदरलँड्समधल्या ख्रोनिंगेन इथे 2008 मध्ये नवख्यांवर तो तपासला, तर नियम पाळणारे आणि न पाळणारे सारखेच दुखावले. मग 2025 मध्ये डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठाने 5 हजारांहून जास्त धावणाऱ्यांच्या घड्याळांतल्या नोंदी चाळल्या आणि कोडं बरंचसं उलगडलं. गेल्या 30 दिवसांत तुम्ही एका दमात जितकं धावला असाल, त्याहून 10 टक्क्यांपेक्षा जास्त अंतर एकाच दिवशी धावलात की धोका वाढतो. दुप्पट धावलात तर तो दुपटीच्या वर जातो. आठवड्याची बेरीज कशी बदलली याचा तसा संबंध दिसला नाही. म्हणजे महिनाभर दहाच्या पुढे न गेलेल्याने, ग्रुपमधले सगळे जातायत म्हणून, एका रविवारी सोळा मारणं हा खरा घात.

ढब बदलायची ठरवलीच, तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पहिले दोन आठवडे रोजच्या धावण्यातली पाचेक मिनिटंच नव्या पावलांनी धावावं, ॲपचा ताल लावून. मग थोडं थोडं वाढवत महिना-दोन महिन्यांत ती चाल अंगवळणी पडू द्यावी. या काळात अंतर किंवा वेग वाढवू नये, नवे बूटही घेऊ नयेत. पोटऱ्या जरा भरून येणं ठीक. हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा दुखण्यामुळे लंगडत धावावं लागत असेल, तर ढबीचे प्रयोग थांबवून सरळ अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. हाडाला बारीक चीर असू शकते आणि ती धावून बरी होत नाही.

आणि वेळेचं भान ठेवा. मुंबई मॅरेथॉन दरवर्षी जानेवारीत, बहुधा तिसऱ्या रविवारी असते. तीत धावणार असाल आणि पाय कसा पडतो ते सुधारायचं असेल, तर मोबाईलवरचं ते चित्रण जून-जुलैतच करून घ्या. डिसेंबर उजाडला असेल, तर जशी ढब आहे तशीच घेऊन धावा आणि फेब्रुवारीत कामाला लागा.